एका रात्रीचं व्याज आणि अण्णांची खोली

व्याजदर उतरला की आमच्या स्टाफरूममध्ये कचोरी येते. हा रिवाज कुणी पाडला माहीत नाही. पण घरासाठी कर्ज काढलेले आम्ही बहुतेक जण एकाच वयाचे आहोत, आणि दर दोन महिन्यांनी मध्यवर्ती बँकेचं पतधोरण जाहीर होतं त्या सकाळी दहाच्या तासाला कुणाचंच शिकवण्यात चित्त नसतं. दर उतरल्याची बातमी मोबाइलवर आली की मराठीचे सर स्वतः खाली जातात, कोपऱ्यावरच्या गाड्यावरून गरम कचोरी आणि तळलेल्या मिरच्या आणतात आणि पहिली माझ्यासमोर ठेवतात. "घ्या मॅडम, तुमच्या खात्याची कृपा," म्हणतात. कॉलेजात अर्थशास्त्र मी शिकवते, त्यामुळं देशात पैशाचं जे काही बरंवाईट होतं त्याला मीच जबाबदार, असा सगळ्यांचा समज आहे.

गेल्या वर्षी पहिली कपात झाली त्या दिवशी ती कचोरी मी हातात घेतली आणि तशीच परत ठेवली. कर्ज तर मलाही आहे, बीड बायपासपलीकडच्या आमच्या रो-हाऊसचं, चांगलं भक्कम आहे. दर उतरला की माझा फायदाच होता. पण त्याच वेळी पुंडलिकनगरातल्या एका भाड्याच्या खोलीत माझे वडील बसले होते, आणि त्यांचं भाडं, डबा, सगळं एफडीच्या व्याजावर चालत होतं. मला जे मिळणार होतं ते त्यांच्या ताटातून जाणार होतं. आणि ते मी त्यांना परत देऊ शकत नव्हते, कारण ते घेणार नव्हते. या एका गोष्टीनं मला वर्षभर जागेवर बसू दिलं नाही.

अण्णांचं आधी सांगायला हवं.

अण्णा एसटीचे ड्रायव्हर होते. नोकरी जवळजवळ सगळी इथल्याच डेपोत, आणि त्यातली कित्येक वर्षं मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी गाडी इथून निघायची, सिल्लोड, अजिंठा करत आडबाजूच्या एखाद्या गावात जाऊन थांबायची. अण्णा गाडीतच झोपायचे आणि पहाटे दूधवाले आणि शाळेची पोरं भरून परत निघायचे. आमचं गावही तिकडंच, अजिंठ्याच्या पुढं. तिथं धाकटे काका शेती बघतात. आई गेल्यावर माझ्या भावानं अण्णांना पुण्याला नेलं, अकराव्या मजल्यावर. कसेबसे दोन महिने राहिले असतील. "खाली बघावं तर चक्कर येती, वर बघावं तर छत," एवढं सांगून पिशवी उचलून परत आले. मी म्हटलं, आमच्याकडं राहा, वरची खोली रिकामीच आहे. मी काहीतरी भलतंच बोलले असावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पुंडलिकनगरात खोली बघून आले.

लेकीच्या घरी राहायचं नाही आणि लेकीचा पैसा घ्यायचा नाही. यावर अण्णांशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. बरं, हा माणूस जुनाट म्हणावा तर तसंही नाही. रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. मला पुढं शिकवायचं म्हणून त्यांनी अख्ख्या भावकीशी भांडण घेतलं होतं. पण शिकून कमावलेला माझा पैसा त्यांना विस्तवासारखा. रविवारी आमच्याकडं जेवायला यायचे, येताना केळी नाहीतर पपई. जेवण झालं, हात पुसले, की निघताना माझ्या मुलीच्या मुठीत एक नोट कोंबायचे. आजोबांचा खाऊ म्हणून नव्हे. जेवल्याबद्दल. "लेकीच्या घरी फुकट जेवायचं नसतंय, माय," म्हणायचे. आमच्याकडं बाप लेकीला माय म्हणतो. ते ऐकून मला विरघळायलाही व्हायचं आणि चिडायलाही. "अण्णा, हे काय हॉटेल आहे का?" मी विचारायची. ते तोवर चपला घालून फाटकापाशी पोचलेले असायचे.

दर चढण्या-उतरण्याचं हे काय प्रकरण आहे ते मी वर्गात दरवर्षी शिकवते. बँकांचं असं असतं. दिवसभर लोक पैसे भरतात, काढतात, इकडून तिकडं पाठवतात, आणि दिवस मावळताना कुठल्या तरी बँकेकडं पैसे कमी पडलेले असतात, कुठल्या तरी बँकेकडं जास्त उरलेले असतात. मग जिच्याकडं उरलेत ती जिला कमी पडलेत तिला एका रात्रीपुरते देते. दुसऱ्या दिवशी परत. त्या एका रात्रीलाही व्याज असतं. मध्यवर्ती बँक काय करते, तर दोन्ही टोकांना उभी राहते. उरलेत ना, माझ्याकडं ठेवा रात्रभर, मी इतकं व्याज देईन, हे खालचं टोक. कमी पडलेत ना, सरकारी रोखे तारण ठेवा आणि न्या, मी इतकं व्याज घेईन, हे वरचं. आता खालच्यापेक्षा कमी भावात कुणी कुणाला देईल कशाला, आणि वरच्यापेक्षा जास्त भावात कुणी घेईल कशाला? एका रात्रीचा भाव त्या दोन टोकांच्या मधेच फिरत राहतो. महागाई वाढली की मध्यवर्ती बँक दोन्ही टोकं उचलते, धंदा मंदावला की उतरवते. मधला तो रेपो दर, जो बातम्यांत सांगतात.

एकदा बारावीच्या वर्गातल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, एका रात्रीचं व्याज बदललं तर वीस वर्षांच्या कर्जाला काय फरक पडतो?" चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, वीस वर्षं म्हणजे तरी काय गं, एकीपुढं एक ठेवलेल्या रात्रीच ना. बँकेला रोजची रात्र महाग पडायला लागली की ती तुला वीस वर्षं स्वस्तात कशी देईल? आणि रोजची रात्र स्वस्त पडायला लागली की लोकांच्या ठेवींना जास्त व्याज देऊन त्या गोळा कशाला करील? मुलीनं वहीत उतरवून घेतलं. शेवटचं वाक्य बोलताना मला मात्र अण्णांची एफडी दिसत होती.

अण्णांनाही एका रविवारी हे सगळं सांगितलं होतं, कारण पेपरात रेपो हा शब्द रोज येतो आणि तो म्हणजे काय हे त्यांना पाहिजेच होतं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पैसा मुक्कामी जातो अन् सकाळी परत येतो." मी म्हटलं, तसंच. "अन् मुक्कामाचा भाव मोठी बँक ठरवती." तसंच. मग बडीशेप तोंडात टाकली. पुढं काही विचारतील असं मला वाटलं, पण त्यांनी उठून टीव्ही लावला.

आता कपातीच्या आधीचं. त्याच्या आधी दोनेक वर्षं दर चढत होते. महागाई वाढली म्हणून मध्यवर्ती बँक प्रत्येक धोरणाला दर थोडा थोडा चढवत चालली होती. माझ्या बँकेनं हप्ता काही वाढवला नाही. मला वाटलं, चला, आपण सुटलो. अर्थशास्त्र शिकवते मी, तरी मला वाटलं. मग एका दिवशी स्टेटमेंट काढलं तर हप्ता तोच होता आणि वर्षं वाढली होती. कर्ज सरकत सरकत माझ्या रिटायरमेंटच्या पुढं जाऊन बसलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा वाळूजला कारखान्यात आहे, शिफ्ट करून येऊन नुकताच झोपला होता. त्याला उठवून स्टेटमेंट दाखवलं. "हप्ता तर वाढला नाही ना?" म्हणाला आणि कूस बदलून झोपला. मी घरात येरझाऱ्या घालत राहिले. भांडी घासलेली होती ती परत घासली.

त्या रविवारी अण्णांच्या पुढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पेन्शनीत गेले तरी हे घर बँकेचंच राहणार बघा." अण्णांचा हात ताटातच थांबला. "व्हय?" एवढंच म्हणाले. मग भाकरीचा उरलेला तुकडा संपवला आणि नेहमीसारखी नोट देऊन गेले.

पण त्याच दोन वर्षांत अण्णांचं बरं चाललं होतं हेही खरं. एफडीला व्याज चांगलं मिळत होतं. खोलीत कूलर आला. शेजारच्या खानावळीऐवजी एका काकूंचा घरगुती डबा लागला. रविवारची नोट मोठी झाली. चालण्यातही जरा ऐट आली होती. त्यामुळं मला धड कुरकुर करायचीही सोय राहिली नाही. दर चढला की स्वतःसाठी हळहळायचं आणि अण्णांसाठी बरं वाटून घ्यायचं, असं माझं एकाच डोक्यात दोन्हीकडून चालायचं. पतधोरणाच्या दिवशी मला नेमकं काय व्हायला पाहिजे होतं, ते मलाच सांगता आलं नसतं.

दर चढून चढून थांबले तेव्हा मी अण्णांच्या मागं लागले. म्हटलं, आता हे उतरणार, आत्ताच पाच वर्षांसाठी एफडी करून टाका, आजचं व्याज पाच वर्षं पक्कं राहील. मी कागदावर आकडे मांडून दाखवले. दोनदा दाखवले. ते बँकेत गेले आणि एका वर्षाची करून आले. "वरसाच्या पुढचं मला नगं. पाच वरसाचं तिकीट कशाला फाडती माझं?" म्हणाले. मी इतकी भडकले की मुलगी आतून बघायला आली. नाही म्हणजे नाही. एक वर्ष. हातातला पैसा फार लांब जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच त्यांना कळत होतं, आणि आकडे गेले चुलीत.

आणि मग व्हायचं तेच झालं. कपात झाली, कचोरी आली, आणि त्याच महिन्यात अण्णांच्या एफडीचं वर्ष भरलं.

मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं नवा दर सांगितला. ज्येष्ठ नागरिक म्हणून थोडा जास्त धरूनही तो आधीच्यापेक्षा खाली होता. "परत सांगा," अण्णा म्हणाले. तिनं परत सांगितला. "अजून उतरंल का?" ती म्हणाली, बाबा, ते आमच्या हातात नसतं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. पुन्हा एका वर्षाचीच केली. बाहेर आल्यावर चहा प्यायलो, चहाचे पैसे अर्थातच त्यांनीच दिले, आणि पेला ठेवता ठेवता म्हणाले, "बघू. भागलं नाय तर गावाकडं जाईन."

अण्णांच्या हृदयाच्या नसेत जाळी बसवलेली आहे. इथं खोलीपासून दवाखाना रिक्षानं पाच मिनिटांवर. गावात साधी ताप उतरायची गोळी पाहिजे असली तरी अजिंठा गाठावं लागतं. काका सांभाळतील, त्यात शंका नाही, पण रात्रीबेरात्री छातीत कळ आली तर काय? आणि ते सोडा. मला अण्णा इथं पाहिजे होते. रविवारी पपई घेऊन येणारे, माझ्याशी वाद न घालता जिंकणारे अण्णा मला रोज दहा मिनिटांच्या अंतरावर पाहिजे होते. आई गेली ती गावातच, आणि मी तेव्हा इथं होते. तसं मला परत नको होतं.

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोलून बघा. लेकीकडून घेत नाहीत, निदान जावयाकडून घेतील. तो स्वभावानं भोळा. पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर त्यानं सरळ पाकीट काढून अण्णांसमोर धरलं. "दादांकडनं घेताच ना अधूनमधून," म्हणाला. दादा म्हणजे माझा पुण्याचा भाऊ. आता तो स्वतःच कर्जात गळ्यापर्यंत आहे आणि अण्णा त्याच्याकडंही मागत नाहीत, ही गोष्ट वेगळी. अण्णा उठले. पाटावरून उठून हात धुतले, मुलीच्या हातात नोट दिली आणि निघाले. पुढचे दोन रविवार आले नाहीत. फोन केला की म्हणायचे, पोट बरं नाय. मी नवऱ्यावर चिडले आणि नवरा माझ्यावर, की तूच सांगितलं होतं.

त्यानंतर दुसरी कपात. परत कचोरी. मराठीचे सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या चेहऱ्यावरून वाटतं दर वाढला." मी हसले आणि डब्यातली भाजी पुढं सरकवली. त्या दिवशी वर्गात खडू तीनदा मोडला. डोक्यात एकच हिशोब चालू होता, की आणखी किती वेळा उतरला तर अण्णा गाठोडं बांधतील. पेपर, टीव्ही, मोबाइल, जिथं बघावं तिथं कर्जदारांना दिलासा, कर्जदारांना दिलासा. ठेवीदार नावाचा प्राणी या देशात राहतच नाही जणू. एकदा तर मी बातम्या सांगणाऱ्या बाईलाच मोठ्यानं म्हटलं, अगं, दुसरी बाजू सांग की. मुलगी म्हणाली, आई, ती तुला ऐकत नाही.

मधे अण्णा रविवारी यायला लागले होते. दुपारी नव्हे, संध्याकाळी. रापलेले दिसायचे. विचारलं तर म्हणायचे, फिरायला जातो सकाळचा, डॉक्टरनं सांगितलंय. आणि नोट परत मोठी झाली होती. त्याचा मला रागच आला. व्याज उतरलं असताना हा हट्ट कशासाठी? उपाशी राहून नोटा वाटत असतील, असं वाटलं. मी त्यांच्या खोलीत जाऊन डबे उघडून बघितले. शेंगदाण्याचा लाडू, फरसाण, सगळं होतं. तरी माझं समाधान झालं नाही.

तिसरी कपात झाली तो दिवस आमच्या नळाला पाणी यायचा होता. आमच्याकडं पाणी काही दिवसांआड येतं आणि येतं तेव्हा घरी माणूस लागतं, म्हणून मी रजा टाकली होती. टाकी भरत होती, मोटर चालू होती, आणि मी मोबाइल घेऊन जिन्यात उभी. दहा वाजले. पाव टक्का खाली. मोटर बंद केली, साडी बदलली आणि स्कूटर काढली. काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. अण्णांसमोर जाऊन बसायचं, एवढंच. गावाकडं जायचं नाही म्हणून सांगायचं. वाटलं तर पाया पडायचं, वाटलं तर भांडायचं.

खोलीला कुलूप होतं. फोन लावला. मागं हॉर्नचा गोंगाट. "कुठं आहात?" "मंदिरात बसलोय," म्हणाले. खोलीजवळच्या गजानन महाराजांच्या मंदिरात इतके हॉर्न वाजत नाहीत. मला वाटलं स्टँडवर आहेत. गेले. मला न सांगता गावाची गाडी पकडली. मी कुलूप हातात धरून तशीच उभी राहिले, तेवढ्यात घरमालकीण काकू वाळवण उचलायला बाहेर आल्या.

"म्हातारबा होय? ते तर डबा घेऊन सकाळीच जातात. महिना झाला की. जालना रोडला तो मोठा दवाखाना हाय ना, तिथं गाड्या लावून घेतात. तुम्हाला ठाऊक नाय व्हय?"

स्कूटर फिरवली. सगळ्या वाटेनं अण्णांना काय काय सुनवायचं त्याची तयारी करत गेले. एकेक वाक्य धारदार करून ठेवलं होतं. या वयात, या उन्हात, छातीत जाळी घेऊन, आणि मला खोटं सांगून.

दवाखान्याच्या शेजारच्या मोकळ्या मैदानात दोऱ्या लावून पार्किंग केलेलं आहे. रांग होती. पुढं एकाला जीप मागं घेता येत नव्हती, आणि निळं जाकीट, गळ्यात शिट्टी घातलेला एक उंच म्हातारा हातानं तिला मागं बोलावत होता. येऊ द्या, येऊ द्या, अजून, बास. जीप दोन गाड्यांच्या मधे नीट बसली. जीपवाल्यानं हात वर केला, म्हाताऱ्यानंही केला. मी अण्णांना गाडीच्या इतक्या जवळ कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. खोलीत ते खाटेवर बसलेले असायचे, आमच्याकडं खुर्चीत. इथं ते उभे होते, आणि चांगले उभे होते. माझी धारदार वाक्यं तिथंच अर्धी गळाली.

"ताई, तिकडं लावा," माझ्याकडं न बघता म्हणाले. मग बघितलं.

मी हेल्मेट काढलं. "अण्णा, हे काय चाललंय?" आवाज चढलाच. "मंदिरात आहे म्हणालात. डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. "हळू बोल. कॉलेजात शिकवती तू. दवाखान्यात कुणीबी वळखीचं येतं." मी म्हटलं, मला कसली लाज. "तुला नसंल. मला हाय, तुझ्यासाठी." मग एका मोटरसायकलला हातानं जागा दाखवली आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. कपाळावर घाम होता. "चहावाल्याच्या मोबाइलवर ऐकलं मघाशी. उतरला म्हणं दर."

"उतरला," मी म्हटलं. रडू यायला लागलं होतं.

"मग तुझी वरसं उतरली का गं थोडी?"

मला कळेना ते काय विचारतायत. "कर्जाची," ते म्हणाले. "रिटायर झाल्यावरबी घर बँकेचंच राहील म्हणली होती ना तू? त्या दिवसापासनं बघतो मी पेपरात. आता तीनदा उतरला. आलं का नोकरीच्या आत?"

दर उतरू नये म्हणून मी वर्षभर देव पाण्यात घालून बसले होते, आणि हे त्याच पेपरात दर उतरायची वाट बघत होते. खरं सांगायचं तर मी ते नवं स्टेटमेंट काढूनच बघितलं नव्हतं. मला कपातीत फक्त त्यांची खोली दिसत होती.

"जवळ आलंय अण्णा," मी म्हटलं.

"मग झालं की. अजून एक-दोनदा उतरू दे." त्यांचा चेहरा खरंच खुलला होता.

"आणि तुमचं? तुमचं व्याज तिकडं..."

"त्याला मी हाय ना इथं. सावलीला खुर्ची दिलीय, दुपारी बसतो. गावाकडं नाय जात मी, उगं जीव खाऊ नको." मागून ठेकेदाराचा माणूस ओरडला, चाचा, लाइन आगे लेव. अण्णांनी हातानंच त्याला थांब म्हटलं आणि कमरेच्या पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. पावती फाडून माझ्यापुढं धरली. "दहा रुपये."

माझ्याकडं शंभराची नोट होती. ती दिली आणि त्यांची मूठ माझ्या दोन्ही हातांनी मिटवली. म्हटलं, राहू द्या अण्णा, एकदा तरी राहू द्या. त्यांनी मूठ सोडवून घेतली, नव्वद रुपये माझ्या तळहातावर ठेवले आणि पुढच्या गाडीकडं वळून शिट्टी वाजवली. बापानं माझ्या हातून उभ्या आयुष्यात घेतले ते हे दहा रुपये, आणि तेही संध्याकाळी ठेकेदाराच्या गल्ल्यात जायचे होते.